जॉनी कॅशच्या श्रद्धेकडे कसे पाहावे?

खर्जातला सा (प्रश्न)

गेल्या महिन्यापासून मी अमेरिकी कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या) संगीताचा गायक जॉनी कॅशचे अल्बम एकामागून एक ऐकत आहे आणि जितके ऐकावे तितका गोंधळ वाढत चालला आहे, म्हणून तो जाणकारांसमोर मांडत आहे. सुरुवात बहुतेकांची होते तशीच झाली, म्हणजे १९६८ मधील, कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगातल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाने. पहिल्याच गाण्यातला कैदी सांगतो की रीनो गावात त्याने एका माणसाला केवळ तो मरताना पाहावा म्हणून गोळी घातली. त्या ओळीवर श्रोत्यांतून आरोळी उठते. आणि हाच अल्बम संपतो तो तुरुंगातल्या दगडी प्रार्थनामंदिरावरच्या एका भाविक गाण्याने.

त्यानंतर मी मागे गेलो, तर १९५९ मध्येच त्याचा स्तोत्रांचा पहिला अल्बम निघाल्याचे कळले. पण उत्तेजक गोळ्यांची सवय त्याला लागली तीही साधारण त्याच सुमारास. पुढे गेलो, तर सत्तरच्या दशकात तो ख्रिस्ती धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅमच्या सभांत गाताना दिसतो, येशूच्या जीवनावर चित्रपट काढतो, आणि १९८३ मध्ये पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतो.

माझा प्रश्न असा आहे की या माणसाच्या श्रद्धेकडे एक श्रोता म्हणून कसे पाहावे? ती त्याच्या काळ्या कपड्यांसारखी रंगमंचावरची ओळख होती, की तिच्याशिवाय त्याची गाणी समजतच नाहीत? दुसरे असे की, त्याचे आयुष्य कधी बदलले याची तीन वेगवेगळी उत्तरे मला वाचायला मिळाली. कोणी १९६७ मधल्या गुहेची गोष्ट सांगतो, कोणी १९६८ चा विवाह, तर कोणी १९७१. यांतले खरे कोणते? भक्तांनी आरती ओवाळू नये आणि निंदकांनी दगड मारू नयेत, एवढीच विनंती.

जुनी तबकडी

तुम्ही आयुष्य बदलल्याची तारीख शोधत आहात, पण ती शोधायची असेल तर १९६७ च्या पुष्कळ मागे जावे लागेल, कारण कॅशची श्रद्धा त्याच्या कारकिर्दीपेक्षा वयाने मोठी आहे. किंबहुना गाणे त्याला श्रद्धेच्या हातूनच मिळाले.

त्याचा जन्म २६ फेब्रुवारी १९३२ रोजी आर्कान्सा राज्यातील किंग्जलँड येथे झाला. आईवडिलांचे नावावर एकमत होईना म्हणून मुलाचे नाव नुसते 'जे. आर.' राहिले. १९३५ मध्ये हे कुटुंब डायेस या वसाहतीत गेले. महामंदीत होरपळलेल्या शेतकऱ्यांसाठी रूझवेल्ट सरकारने ती वसवली होती. कॅश कुटुंबाला तिथे वीस एकर जमीन आणि पाच खोल्यांचे घर मिळाले, पण जमीन म्हणजे अक्षरशः झाडे तोडून मोकळी करायची दलदल होती. मुले लहानपणापासून कापसाच्या शेतात राबत. वेचणी करताना आई स्तोत्रे म्हणे आणि मुले तिच्या मागून म्हणत. म्हणजे कष्ट आणि भक्तिगीत या दोन गोष्टी त्या मुलाच्या कानावर एकाच वेळी पडल्या.

आता जॅकविषयी, कारण त्याच्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. जॅक हा जे. आर.पेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठा भाऊ. तो बायबल जवळ बाळगणारा, धर्मोपदेशक व्हायचे ठरवलेला मुलगा होता. मे १९४४ मधल्या एका शनिवारी जॅक शाळेच्या कर्मशाळेत लाकूड कापायला गेला, कारण त्यातून मिळणाऱ्या दोन-तीन डॉलरची घराला गरज होती. जे. आर. मासे धरायला निघाला होता आणि तूही चल, म्हणून त्याने भावाला गळ घातली होती. जॅक गेला नाही आणि करवतीच्या फिरत्या पात्यात सापडला. आठवडाभर तो झुंजला आणि २० मे रोजी गेला. शेवटच्या घटकेला आपल्याला देवदूतांचे गाणे ऐकू येत आहे असे जॅक म्हणाल्याचे कॅश आयुष्यभर सांगत राहिला. जे. आर.ने स्वतः उपासनेच्या वेळी पुढे जाऊन येशूचा स्वीकार केला होता तोही त्याच वर्षी, बाराव्या वर्षी. म्हणजे श्रद्धेचा स्वीकार आणि तिची पहिली जबर परीक्षा यांत काही महिन्यांचेच अंतर होते.

आईची गोष्टही इथेच सांगतो. मुलाला गाण्याची शिकवणी लावता यावी म्हणून तिने लोकांचे कपडे धुतले. तीन शिकवण्या झाल्यावर शिक्षिकेने त्याला एकट्याला, वाद्याच्या साथीशिवाय गायला लावले आणि सांगितले की यापुढे शिकवणी नको, कोणालाही तुझी गायकी बदलू देऊ नकोस. मुलाचा आवाज फुटून खर्जात उतरला तेव्हा आईने त्याला 'देणगी' हा शब्द दिला. हे देवाचे देणे आहे, असे ती म्हणे. हा शब्द त्याने पुढे कधी टाकला नाही. देणगी म्हटली की देणारा आला आणि हिशोबही आला. गोळ्यांच्या काळातली त्याची अपराधाची भावना मला तरी याच शब्दातून उगवलेली दिसते.

१९५४ मध्ये हवाई दलातून सुटून तो मेम्फिसला आला. तिथे घरोघरी फिरून घरगुती उपकरणे विकण्याचे काम त्याला मुळीच जमले नाही. सन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या सॅम फिलिप्सकडे तो गेला तो भक्तिगीतांचा गायक म्हणूनच. भक्तिगीते खपत नाहीत, असे सांगून फिलिप्सने त्याला परत पाठवले. 'घरी जा, पाप कर आणि मग खपेल असे गाणे घेऊन ये,' हे फिलिप्सच्या तोंडी घातलेले वाक्य सर्वत्र फिरते, पण असे काही घडल्याचे स्वतः कॅशने नाकारले आहे. १९५५ मध्ये सनने त्याची पहिली तबकडी काढली आणि वर्षभरात 'आय वॉक द लाइन' कंट्रीच्या यादीत अव्वल आले. १९५८ मध्ये तो कोलंबिया या कंपनीकडे गेला, आणि भक्तिगीते गाता यावीत हे त्या बदलामागचे एक ठळक कारण होते. तुम्ही म्हणता तो १९५९ चा स्तोत्रांचा अल्बम म्हणजे त्या नकाराला दिलेले उत्तर आहे. ज्याला श्रद्धा केवळ दाखवायची असती, त्याने ती खपत नाही हे ऐकल्यावर सोडून दिली असती.

उलटतपासणी

वरील प्रतिसाद सुरेख आहे, पण त्यात एक अडचण आहे. त्यातला बराचसा मजकूर अखेर कॅशनेच सांगितलेला आहे, आणि कॅश हा गोष्टी रचण्यात पटाईत असलेला माणूस होता. त्याने १९७५ आणि १९९७ अशी दोन आत्मचरित्रे लिहिली. त्यांत प्रांजळपणा पुष्कळ आहे, तरी गाणे कुठे संपवावे हे कळणाऱ्या माणसाने आयुष्याचे प्रसंगही त्याच कौशल्याने संपवले आहेत.

गुहेचेच उदाहरण घ्या. १९६७ च्या शरद ऋतूत आपण टेनेसीतील निकजॅक गुहेत मरण्यासाठी रांगत गेलो, विजेरी विझली, अंधारात पडून राहिलो, तिथे देवाची जाणीव झाली, वाऱ्याच्या झुळुकीच्या मागाने बाहेर आलो आणि दाराशी जून कार्टर (पुढे त्याची दुसरी पत्नी) व आई उभ्या होत्या, असे त्याने लिहिले आहे. प्रसंग विलक्षण आहे. परंतु चरित्रकारांनी या घटनेबद्दल रास्त शंका घेतल्या आहेत, आणि गोळ्या त्या दिवशी सुटल्या नाहीत हे तर निर्विवाद आहे. त्यामुळे प्रश्नातील तीन पर्यायांपैकी हा पहिला मी तरी खोडून टाकीन.

दुसरा पर्याय विवाहाचा. २२ फेब्रुवारी १९६८ रोजी कॅनडातील लंडन या शहरात भर कार्यक्रमात त्याने जून कार्टरला मागणी घातली आणि १ मार्चला लग्न झाले. २००५ चा 'वॉक द लाइन' हा चित्रपट इथेच थांबतो, आणि प्रेमाने माणूस तरला असे समजून प्रेक्षक घरी जातो. पण १९८३ चे व्यसनमुक्ती केंद्र या लग्नानंतर पंधरा वर्षांनी आले.

आणि या साऱ्यात व्हिव्हियन लिबर्टोचे नाव कोणी घेत नाही! ती त्याची पहिली पत्नी आणि चार मुलींची आई. तो जर्मनीत लष्करी नोकरीत होता तेव्हा वर्षानुवर्षे पत्रे लिहून टिकवलेले ते नाते होते. 'आय वॉक द लाइन' हे निष्ठेची शपथ घेणारे गाणे त्याने तिच्यासाठी लिहिले, आणि ती शपथ तो पाळू शकला नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये मेक्सिकोची सीमा ओलांडून परतताना एल पासो येथे त्याला पकडण्यात आले तेव्हा गिटारच्या पेटीत ६८८ उत्तेजक आणि ४७५ शामक गोळ्या सापडल्या. न्यायालयाबाहेर त्याच्यासोबत दिसलेल्या व्हिव्हियनचे छायाचित्र छापून आले आणि दक्षिणेतील वर्णद्वेष्ट्या मंडळींनी ती कृष्णवर्णीय असल्याचा गवगवा करून धमक्या सुरू केल्या. कॅशला हजार डॉलर दंड आणि तीस दिवसांची स्थगित शिक्षा झाली. व्हिव्हियनच्या वाट्याला जे आले त्याचा आकडा कुठल्याच निकालपत्रात नाही.

त्याच वर्षी त्याच्या वाहनातून लागलेल्या वणव्याने कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय वनाचे पाचशे एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि त्याला सरकारकडे ८२,००१ डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. त्याच वर्षी ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नामांकित कंट्री कार्यक्रमाच्या रंगमंचावरचे दिवे त्याने ध्वनिक्षेपकाच्या दांड्याने फोडले. श्रद्धा आतून कितीही खरी असो, तिचा खर्च बरीच वर्षे इतरांनी सोसला, एवढे मान्य करूनच पुढे बोलावे.

तारेखालचा कागद

मी धर्माविषयी अधिकाराने बोलू शकत नाही, गिटार थोडीफार वाजवतो. म्हणून प्रश्नातल्या एका तपशिलाविषयी लिहितो, कारण तो महत्त्वाचा आहे.

रीनोच्या ओळीवर ऐकू येणारी ती आरोळी खरी नाही. ती ध्वनिमुद्रणानंतर संकलनात घातलेली आहे. मूळ मुद्रणात त्या जागी कैदी गप्प असतात, आणि ते स्वाभाविकही होते, कारण भिंतीलगत पहारेकरी उभे होते. १३ जानेवारी १९६८ रोजी तिथे सकाळी व दुपारी असे दोन कार्यक्रम झाले आणि अल्बममधला बहुतेक भाग सकाळचा आहे. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला वाटले की हा माणूस खुनाचा जल्लोष करत आहे, तो क्षण कंपनीने तयार केलेला आहे.

शेवटच्या गाण्याची कथा याच्या अगदी उलट आहे. ते गाणे ग्लेन शर्ली या फॉल्सममध्येच दरोड्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याने लिहिले होते. तुरुंगात जाऊन उपासना घेणाऱ्या एका पाळकाने त्याची ध्वनिफीत कॅशला आदल्या रात्री ऐकवली. कॅशने ती रात्र ते गाणे बसवण्यात घालवली आणि दुसऱ्या दिवशी, पुढच्या रांगेत बसलेल्या शर्लीला कसलीही कल्पना नसताना, त्याचे नाव घेऊन ते गायले. घाईत बसवल्याचे गाण्यात ऐकू येते, कारण शब्दांवरची पकड कच्ची आहे आणि चाल जरा चाचपडते. मला ते गाणे त्यामुळेच आवडते.

आता ठेक्याविषयी. सुरुवातीच्या काळात कॅशच्या साथीला ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार आणि मार्शल ग्रँटचा उभा बास एवढेच होते, ढोल वाजवणारा कोणी नव्हता. तेव्हा कॅश आपल्या गिटारच्या तारांखाली कागदाची घडी सरकवत असे, म्हणजे तारा दबून कोरडा, टणटणीत आवाज येई आणि ढोलाची उणीव भरून निघे. आगगाडीसारखा धावणारा तो ठेका यातून आला. गंमत अशी की खुनाचे गाणे असो वा स्तोत्र, ठेका जवळजवळ तोच राहतो आणि आवाजही तोच. पाप्याचा आवाज वेगळा आणि भक्ताचा वेगळा, असे सोंग तो घेत नाही. 'आय वॉक द लाइन'मध्ये प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते आणि नवा सूर सापडावा म्हणून तो आधी गुणगुणतो. शेवटचे कडवे पहिल्याहून पूर्ण एक सप्तक खाली आहे. सूर शोधतानाचे गुणगुणणे एरवी कोणी तबकडीवर ठेवत नाही, त्याने ठेवले.

रविवारची सकाळ

खुनाची गाणी आणि स्तोत्रे एकत्र कशी, हा प्रश्न कंट्री संगीताच्या बाहेरून आत येणाऱ्याला पडतो. आतल्या माणसाला तो पडत नाही, कारण हे मिश्रण कॅशने केलेले नाही. १९२७ मध्ये टेनेसीतील ब्रिस्टल येथे कार्टर कुटुंब या कंट्रीच्या आद्य गायक घराण्याची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्या कुटुंबाच्या भांडारात स्तोत्रे, विरहगीते आणि फाशी-खुनाच्या कथा शेजारी शेजारी नांदत होत्या. जून ही त्याच घरातल्या मेबेल कार्टरची मुलगी. लुव्हिन बंधू या कंट्री गायकजोडीचेही तसेच. एकीकडे ते कडक उपदेशाची भक्तिगीते गात आणि दुसरीकडे प्रेयसीला नदीकाठी ठार मारणाऱ्या तरुणाचे गाणे तितक्याच गोड दुहेरी सुरांत गात. डायेसच्या शाळेत या बंधूंचा कार्यक्रम होता तेव्हा पोरवयातल्या कॅशने चार्ली लुव्हिनला साधी खारी बिस्किटे खाताना पाहिले आणि ती का खाता, असे विचारले. उपाशी मरू नये म्हणून, असे चार्ली सहज म्हणाला. गाण्यासाठी ती बिस्किटे आवश्यक असतात, असा समज मुलाने करून घेतला.

त्या परंपरेत खुनाचे गाणे हे खुनाची भलामण नसते. तिथे खुनी पहिल्या पुरुषी एकवचनात बोलतो आणि गाणे संपेपर्यंत गजाआड किंवा फासावर पोहोचलेला असतो. फॉल्समच्या गाण्यातला कैदी आगगाडीची शिट्टी ऐकून रडतो आणि आपण इथे का आहोत हे त्याला नीट ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने ते गाणे आणि प्रार्थनामंदिराचे गाणे ही एकाच कबुलीची दोन टोके आहेत.

उलटतपासणी यांचा व्हिव्हियनविषयीचा मुद्दा मात्र पूर्णपणे मान्य आहे. तिचे आत्मकथन २००७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. ते वाचल्याशिवाय जून-जॉनीच्या प्रेमकथेवर गहिवरू नये.

खर्जातला सा

सर्वांचे आभार. आरोळी खोटी असल्याचे वाचून मी तो भाग पुन्हा ऐकला, आणि आता ती चिकटवलेलीच वाटते. कान किती लवकर फितूर होतात! माझ्या तीन तारखांपैकी दोन बाद झाल्या. १९७१ विषयी अजून कोणी लिहिलेले नाही, आणि त्याहून अधिक कुतूहल मला शेवटच्या दहा वर्षांचे आहे. 'हर्ट' हे गाणे कोणाचे, ते त्याने का घेतले आणि त्यात श्रद्धेचा काही संबंध आहे का, हे कोणी सांगेल काय?

जुनी तबकडी

१९७१ मध्ये कॅशने नॅशव्हिलच्या इव्हँजेल टेंपल या चर्चमध्ये पुढे जाऊन आपले जीवन नव्याने समर्पित केले. तिथले पाळक जिमी स्नो हे कंट्री गायक हँक स्नोचे चिरंजीव. याला वळण म्हणायचे तर म्हणावे, पण ते नव्या घरात जाणे नव्हते, जुन्या घरी परतणे होते. त्याआधीच, १९७० मध्ये, आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे उघड सांगितले होते. १९६९ ते १९७१ चाललेल्या या कार्यक्रमाचे चित्रण रायमन सभागृहात होई आणि पहिल्याच भागात बॉब डिलन येऊन गेला होता. धर्माची अशी जाहीर वाच्यता वाहिनीच्या मंडळींना नको होती, असे कॅशने पुढे लिहिले आहे.

बिली ग्रॅहॅमशी मैत्रीही त्याच सुमारास जमली आणि त्यांच्या विशाल सभांत तो पुढची अनेक वर्षे गात राहिला. स्वतःचे पैसे घालून त्याने इस्राएलमध्ये 'द गॉस्पेल रोड' हा चित्रपट केला. १९७३ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यात जूनने मग्दालीया मरियेची भूमिका केली आहे आणि येशूचे काम दिग्दर्शक रॉबर्ट एल्फस्ट्रॉम यांनीच केले आहे. चित्रपट म्हणून तो मला कंटाळवाणा वाटतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. जूनबरोबर त्याने पत्रद्वारा बायबलचा रीतसर अभ्यास केला, १९८६ मध्ये प्रेषित पौलावर कादंबरी लिहिली आणि पुढे संपूर्ण नवा करार आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केला. पौल हा छळ करणारा असताना पालटलेला माणूस, शिवाय त्याच्या देहात शेवटपर्यंत एक काटा सलत राहिलेला. कॅशला सर्व प्रेषितांतून तोच का सापडला हे वेगळे सांगायला नको.

पण ज्या गोष्टीमुळे त्याच्या श्रद्धेवर माझा विश्वास बसतो ती या धार्मिक कामांत नाही. १९७० मध्ये व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावले असता निक्सन यांच्या कार्यालयाने त्याच्याकडे दोन गाण्यांची फर्माईश केली. त्यांतले एक सरकारी मदत घेणाऱ्या गरिबांची टर उडवणारे होते आणि दुसरे युद्धविरोधी तरुणांना टोमणे मारणारे. ती गाणी त्याने गायली नाहीत, आणि तरुणांच्या प्रश्नांची बाजू घेणारे आपलेच गाणे राष्ट्राध्यक्षांसमोर गायले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंगसुधारणेवर साक्ष दिली. काळे कपडे का, याचे उत्तर त्याने १९७१ च्या गाण्यात दिले ते गरीब, भुकेले, शिक्षा भोगून झाल्यावरही तुरुंगात सडणारे आणि येशूचे शब्द कधी कानी न पडलेले अशा सर्वांसाठी. खरे तर काळे कपडे आले ते साध्या कारणाने. पहिल्याच जाहीर कार्यक्रमाला, जो एका चर्चमध्ये होता, तिघा वादकांकडे एकसारखे असे काळे कपडेच होते. अर्थ नंतर भरला गेला.

उलटतपासणी

तुरुंगसुधारणेचा उल्लेख झाला आहे म्हणून ग्लेन शर्लीचे पुढे काय झाले तेही इथे नोंदवले पाहिजे. कॅशने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, १९७१ मध्ये तो पॅरोलवर सुटला, कॅशच्या संगीत प्रकाशनसंस्थेत काम आणि दौऱ्यात जागा मिळाली. बाहेरचे जग आणि त्यातली प्रसिद्धी त्याला पेलली नाही, त्याचे वागणे सहकाऱ्यांना भीतिदायक वाटू लागले आणि त्याला ताफ्यातून कमी करावे लागले. १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर कॅशचा तुरुंगांविषयीचा जाहीर उत्साह बराच ओसरला.

याचा दोष मी कॅशला देत नाही. उलट, ही एकच गोष्ट अशी आहे की जिचा शेवट त्याला गाण्यासारखा करता आला नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. माझ्या लेखी ते त्याच्या बाजूने जाते.

रविवारची सकाळ

शेवटच्या दशकाविषयी लिहिते. १९८६ मध्ये कोलंबियाने जवळपास तीन दशकांनंतर त्याच्याशी करार नव्याने केला नाही. १९८० मध्ये त्याला कंट्री संगीताच्या सन्मानदालनात स्थान मिळाले होते, पण रेडिओवर त्याची गाणी लागेनाशी झाली होती. अशा वेळी रॅप आणि हेवी मेटलचा निर्माता म्हणून गाजलेला रिक रुबिन त्याच्याकडे आला. रुबिनने सांगितले काय, तर गिटार घे आणि तुला आवडतात ती गाणी गा. रुबिनच्या दिवाणखान्यात आणि कॅशच्या झोपडीवजा लाकडी घरात मुद्रित झालेला, जवळजवळ केवळ आवाज आणि गिटार यांवर उभा असलेला 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' १९९४ मध्ये आला. त्यात हत्येचे गाणे आहे आणि तारणाचेही आहे. इथे तुमचा मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो, फक्त आता गाणारा बासष्ट वर्षांचा आहे.

'हर्ट' हे मूळ नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरचे, १९९४ मधले. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, व्यसनात बुडालेल्या तरुणाचे ते गाणे आहे. कॅशने ते २००२ च्या अल्बमसाठी गायले तेव्हा त्यातला एकच शब्द बदलला. मुळात मुकुटाला जोडलेला घाणेरडा शब्द होता, त्याजागी त्याने 'काटे' घातले. काट्यांचा मुकुट कोणाच्या माथ्यावर होता हे सांगायची गरज नाही. अश्लील शब्द टाळायचा म्हणून तो बदल झाला असेल, पण त्यामुळे गाणे कबुलीजबाबातून प्रार्थनेकडे सरकले. मार्क रोमनेक यांनी केलेल्या चित्रफितीत 'गॉस्पेल रोड'मधली क्रुसावर खिळण्याची दृश्ये मध्ये मध्ये चमकतात, कॅशच्या नावाचे बंद पडलेले संग्रहालय दिसते, आणि जून जिन्यात उभी राहून त्याच्याकडे पाहते. ते पाहणे विसरता येत नाही. १५ मे २००३ रोजी जून गेली आणि १२ सप्टेंबरला कॅश.

त्याच अल्बमचे शीर्षकगीत, 'द मॅन कम्स अराउंड', त्याने स्वतः लिहिले आहे आणि श्रद्धेसंबंधी एकच गाणे ऐकायचे असेल तर मी तेच सुचवीन. त्याची सुरुवात स्वप्नात झाली. कॅशला स्वप्नात राणी एलिझाबेथ दिसली, जमिनीवर बसून विणकाम करत असलेली, आणि ती त्याला म्हणाली की तू वावटळीतल्या काटेरी झाडासारखा आहेस. हे शब्द कुठून आले याचा शोध घेत तो बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकापर्यंत आणि तिथून प्रकटीकरणापर्यंत पोहोचला. कोणत्याही गाण्यावर घेतली नव्हती इतकी मेहनत आपण या गाण्यावर घेतली, असे त्याने नमूद केले आहे. न्यायाच्या दिवसाचे ते गाणे आहे आणि त्यात तो स्वतःला न्यायाधीशाच्या बाजूला बसवत नाही.

एक तपशील राहिला. अखेरच्या महिन्यांत कॅश आणि रुबिन दररोज दूरध्वनीवरून एकत्र प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा ख्रिस्ती विधी) घेत. रुबिन ज्यू कुटुंबात वाढलेला. त्याला ख्रिस्ती करून घेण्याचा आटापिटा कॅशने केल्याचे रुबिन सांगत नाही, फक्त रोज फोन होई एवढेच सांगतो.

तारेखालचा कागद

थोडी भर घालतो. जून गेल्यानंतरही कॅश गात राहिला. दृष्टी अधू, मधुमेह आणि मज्जातंतूंच्या विकाराने शरीर खिळखिळे झालेले, तरी ५ जुलै २००३ रोजी व्हर्जिनियातील हिल्टन्स येथे कार्टर कुटुंबाच्या जागी तो अखेरचा रंगमंचावर बसला. या काळातल्या ध्वनिमुद्रणांत श्वास मध्येच तुटतो. रुबिनने ते श्वास पुसले नाहीत. पन्नासच्या दशकातला तो गुणगुणून सूर शोधणारा आवाज आणि हा धाप लागलेला आवाज एकापाठोपाठ ऐकून पाहा.

खर्जातला सा

तसे ऐकले. त्यानंतर काल रात्री 'माय मदर्स हिम बुक' लावला. आईच्या जुन्या स्तोत्रपुस्तकातली गाणी त्याने एकट्याने, गिटारवर गायली आहेत. तो गेल्यानंतर हा अल्बम निघाला. कापूस वेचताना त्याची आई जी म्हणत असे, त्यांतलीच ही गाणी असणार. ठेका नाही, कोरस नाही, आणि कुठेही गाणे सजवण्याचा प्रयत्न नाही. दोन-तीन ठिकाणी तर तो गाण्याऐवजी नुसता बोलल्यासारखा वाटतो.

मी विचारले होते की याची श्रद्धा ही रंगमंचावरची ओळख होती काय. या अल्बममध्ये रंगमंचच नाही, त्यामुळे तो प्रश्न मी मागे घेतो. व्हिव्हियनचे पुस्तक मिळवत आहे, उलटतपासणी यांनी उभा केलेला प्रश्न अजून तसाच आहे. ते वाचून झाल्यावर पुन्हा इथे लिहीन.